केळीच्या पट्ट्यांचं एपीआय: टोकन कुठलं घ्यावं आणि कोणाला काय दिसू द्यावं?

तापीकाठ
मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, चहा घेऊन बसा. आम्ही काही पोरं जळगावात बसून रावेर-यावलकडच्या एका शेतकरी गटाचं सॉफ्टवेअर करतोय. काढणी झाली, गाडी भरली, काट्यावर वजन झालं, कटती (वजनातली वजावट) गेली, पट्टी (मालाच्या हिशेबाचा कागद) बनली, पैसे आले का नाही, एवढं सगळं एका एपीआयवर, म्हणजे ॲप आणि कॉम्प्युटर जिथून माहिती देतात-घेतात त्या सर्व्हरच्या दारावर, आणायचं आहे. वापरणारे चार प्रकारचे. शेतकरी ॲन्ड्रॉइड ॲपवरून, तेपण बऱ्याचदा पोराच्या नाहीतर सुनेच्या फोनवरून. गटाच्या ऑफिसमधली माणसं ब्राउझरमधून. वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर, जो नुसता वजन पाठवणार. आणि चौथे व्यापारी, त्यांच्या अकाउंटवाल्यांना स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्या ओढून घ्यायच्या आहेत. सर्व्हर एकच, लाराव्हेल (फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). लॉगिन मोबाईल नंबर आणि ओटीपीनं.

आता आमच्यात भांडण असं की टोकन, म्हणजे लॉगिननंतर सर्व्हर देतो आणि पुढं प्रत्येक रिक्वेस्टबरोबर जातो तो पास, जेडब्ल्यूटी (आतच माहिती लिहून सही केलेलं टोकन) ठेवायचं का दुसरं काही, ते किती वेळ चालू ठेवायचं, आणि शेतकरी, व्यापारी, संचालक असला रोल टोकनमध्येच लिहून टाकला तर चालेल का. शेतकऱ्याला रोज ओटीपी टाकायला लावला तर तो दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकेल हे गृहीत धरून सांगा.

पुण्यात_पडलेला_खान्देशी
जेडब्ल्यूटीच घे भो, विचार कायले करतो. स्टँडर्ड आहे, २०१५ पासून आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ७५१९ आहे, प्रत्येक भाषेत लायब्ररी मिळते. रोल क्लेममध्ये (टोकनच्या आतल्या माहितीत) टाक, सही तपासली की झालं, डेटाबेसला हात लावायची गरजच नाही. उद्या पाच सर्व्हर झाले तरी तेच टोकन सगळीकडे चालतं. इंटरव्ह्यूमध्येसुद्धा हेच विचारतात.

जंक्शनवाला
इंटरव्ह्यूत विचारतात म्हणून सावद्याच्या काट्यावर लावायचं का 😄

थोडं उलट बाजूनं बघू. जेडब्ल्यूटीचा खरा फायदा एकच, की ज्यानं टोकन दिलं त्याला न विचारता दुसरा कोणी ते तपासू शकतो. दहा सर्व्हिस असतील, वेगवेगळ्या टीमच्या असतील, तर त्याला किंमत आहे. यांच्याकडे सर्व्हर एक, डेटाबेस एक, आणि पट्टी दाखवायला त्या डेटाबेसला हात लावावाच लागणार आहे. मग इंडेक्स असलेल्या टेबलातून एक ओळ जास्त वाचली तर काय बिघडलं?

बदल्यात तोटा केवढा आहे बघा. ऑफिसातला क्लार्क सोडून गेला, संचालक निवडणुकीत पडला, कोणाचा फोन एसटीत राहिला. जेडब्ल्यूटी एकदा सही होऊन गेलं की त्याची मुदत संपेपर्यंत ते खरंच असतं, सर्व्हरला ते परत मागता येत नाही. मग तुम्ही रद्द टोकनांची यादी ठेवणार, ती यादी प्रत्येक रिक्वेस्टला तपासणार, म्हणजे डेटाबेसला हात लावायचा नाही म्हणून जे घेतलं त्यासाठी पुन्हा डेटाबेसलाच हात लावणार.

साधं करा. ३२ बाइट रँडम, सिस्टीमच्या सुरक्षित जनरेटरमधून. टोकन ग्राहकाला द्या आणि आपल्याकडे फक्त त्याचा एसएचए-२५६ हॅश (ज्यावरून मूळ टोकन परत काढता येत नाही असा ठसा) ठेवा, म्हणजे डेटाबेसची कॉपी बाहेर गेली तरी टोकन गेले नाहीत. इथं बीक्रिप्ट (मुद्दाम संथ केलेला हॅश) वगैरे लागत नाही, ते माणसाच्या कच्च्या पासवर्डसाठी, २५६ बिट रँडमचा अंदाज कोणी लावत बसत नाही. आणि टोकनच्या सुरुवातीला स्वतःची खूण म्हणून चार अक्षरं ठेवा. गिटहबनं २०२१ मध्ये असंच केलं. चुकून कोडमध्ये नाहीतर लॉगमध्ये टोकन पडलं तर शोधून सापडतं.

पुण्यात_पडलेला_खान्देशी
पंधरा मिनिटांची मुदत ठेवायची ना पण. क्लार्क गेला तर पंधरा मिनिटं. तेवढ्यात काय तो आख्खा यावल विकणार आहे?

जंक्शनवाला
पंधरा मिनिटं ठेवशील तर रिफ्रेश टोकन (मुदत संपली की नवीन टोकन मागायचं दुसरं टोकन) आलंच, आणि ते डेटाबेसमध्येच बसतं. तेव्हा ठेवायचं असेल तर दोन्ही ठेव, माझा विरोध नाही. फक्त गरज नसताना दोन यंत्रणा सांभाळायची हौस करू नये एवढंच.

कळण्याची_भाकर
मी दुसऱ्यांची एपीआय फोडून बघायचं काम करते, रीतसर परवानगीनं, म्हणून दोन शब्द.

जेडब्ल्यूटी घेतलंच तर अल्गोरिदम सर्व्हरनं ठरवायचा, टोकनच्या हेडरमध्ये काय लिहिलंय त्यावर जायचं नाही. अल्गोरिदमच्या जागी ‘नन’ लिहून सही न करता पाठवलेलं टोकन काही लायब्ररी खुशाल स्वीकारायच्या, आणि आरएस२५६ (सही करायची आणि तपासायची किल्ली वेगळी) ची पब्लिक की घेऊन एचएस२५६ (दोन्हीला एकच किल्ली) नं सही करायची ती दुसरी भानगड. २०२० चं आरएफसी ८७२५ बऱ्याच अंशी याच गोष्टींसाठी आहे. टोकन कोणी दिलं, कोणासाठी दिलं, मुदत काय, हे तिन्ही तपासा. आणि मधला भाग बेस६४ असतो, कुलूपबंद नसतो, कोणीही उघडून वाचतो, त्यात आधार किंवा बँक खातं टाकलेलं मी बघितलेलं आहे.

पण खरं सांगू का, टोकनमधून आत जायची वेळ माझ्यावर क्वचित येते. मी आपली ओटीपीनं रीतसर लॉगिन करते, माझीच पट्टी उघडते, पत्त्यात ४५७१ दिसतं, तिथं ४५७२ टाकते. शेजारच्याची पट्टी येते. भाव, कटती, बँकेचं नाव, सगळं. टोकन अस्सल, सही अस्सल, मुदत बाकी, आणि तरी चोरी. ओडब्ल्यूएएसपी या सॉफ्टवेअर सुरक्षेच्या संस्थेची एपीआयसाठीची जी दहा धोक्यांची यादी आहे तिच्यात २०१९ ला पहिला नंबर याचाच होता आणि २०२३ ला पुन्हा याचाच. तुमच्या धाग्यात टोकनवर दहा ओळी आहेत आणि कोणाला काय दिसावं यावर एक, ते प्रमाण उलटं पाहिजे.

तापीकाठ
ताई, नंबरच्या जागी यूयूआयडी (लांबलचक रँडम आयडी) टाकला तर?

कळण्याची_भाकर
टाका, अंदाजानं मारणारा थांबेल. पण तो आयडी पट्टीच्या पीडीएफवर छापला जातो, ॲपच्या लिस्टमध्ये येतो, व्हॉट्सॲपवर फिरतो. आयडी माहीत असणं म्हणजे परवानगी असणं नव्हे.

कोडमध्ये सवय अशी लावा की ‘पट्टी ४५७२ आण आणि मग बघ याची आहे का’ असं लिहायचंच नाही. ‘या माणसाला दिसणाऱ्या पट्ट्यांमधून ४५७२ आण’ असं लिहायचं. पहिल्या पद्धतीत तपासणीची ओळ कोणीतरी एक दिवस विसरतो. दुसऱ्या पद्धतीत विसरायला जागा नाही, मिळालीच नाही तर सरळ ४०४ (सापडलं नाही). ४०३ (परवानगी नाही) दिलं तर पट्टी अस्तित्वात आहे हे तरी कळतं, तेही कळू देऊ नका. आणि फक्त एका पट्टीचं पान नाही, लिस्ट, सर्च, एक्सेल एक्सपोर्ट, पीडीएफ, डॅशबोर्डवरची बेरीज, सगळीकडे तेच. एक्सपोर्ट हे नेहमी शेवटच्या रात्री घाईत लिहिलेलं असतं आणि तिथंच सापडतं.

तापीकाठ
हे पटलं. पण ‘या माणसाला दिसणाऱ्या पट्ट्या’ हेच तर अवघड आहे आमच्याकडे! एक उदाहरण सांगतो, खरं आहे, नाव नाही घेत. एक गृहस्थ स्वतःच्या बागेचे शेतकरी, म्हणजे त्यांना त्यांच्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. तेच गटाचे संचालक, म्हणजे गटाच्या सगळ्या पट्ट्या. आणि भावाच्या नावानं व्यापारही आहे, म्हणजे ज्या गाड्या त्यांनी घेतल्या त्या पट्ट्या, पण त्या बाजूनं शेतकऱ्याचं बँक खातं त्यांना दिसता कामा नये. आम्ही यूजर टेबलात रोल नावाचा एक कॉलम केलाय. त्यात काय लिहू?

जंक्शनवाला
😂 हा खरा खान्देशी प्रॉब्लेम. आपल्याकडे माणूस एक आणि व्हिजिटिंग कार्डं तीन.

कळण्याची_भाकर
कॉलम काढून टाका. रोल हा माणसाचा नसतो, माणूस आणि संस्था यांच्यामधला असतो. वेगळं टेबल करा: कोण, कोणत्या संस्थेत किंवा खात्यावर, कुठल्या नात्यानं, कधीपासून, कधीपर्यंत. ‘कधीपर्यंत’ विसरू नका, संचालक मंडळ बदलतं. त्या गृहस्थांच्या तीन ओळी होतील. ॲपमध्ये वरती निवडायचं की आत्ता मी शेतकरी म्हणून बघतोय का संचालक म्हणून, ते प्रत्येक रिक्वेस्टबरोबर जाईल आणि सर्व्हर टेबलात बघेल की असं नातं आज खरंच आहे का. ॲपनं सांगितलं म्हणून मानायचं नाही. तिन्ही नात्यांची बेरीज करून एकदम सगळं दाखवलं की व्यापारी म्हणून लपवायचं ते संचालक म्हणून दिसणार आणि कोणी कशाच्या जोरावर काय बघितलं याचा लॉगमध्येही पत्ता लागणार नाही.

आणि यातच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. हे टेबल रोज बदलतं, ते टोकनमध्ये छापून फिरवायचं कशाला? टोकननं एवढंच सांगावं की हा कोण आणि कोणत्या फोनवरून आलाय. काय करू शकतो ते दर वेळी टेबलाला विचारा.

मूळ धोरण ‘नाही’ असू द्या. नवीन एंडपॉइंट (एपीआयचा एक पत्ता) लिहिला आणि त्यावर नियम लिहायला कोणी विसरलं तर तो बंद राहिला पाहिजे, उघडा नाही. लिहिण्याच्या बाजूनंही बघा, शेतकरी स्वतःचा पत्ता बदलायला जे जेसन (माहितीचा मजकूर) पाठवतो त्यात त्यानं गुपचूप ‘कटती: ०’ घुसवलं तर तुमचा कोड ते मुकाट्यानं सेव्ह करतो का? कोणत्या नात्याला कोणती फील्ड बदलता येते याची यादी हातानं लिहा.

धडगाव_रेंज_नाही
मी नंदुरबारच्या वरच्या अंगाला असतो, सातपुड्यात. तुम्ही सगळे जळगावच्या फायबरवर बसून बोलताय म्हणून सांगतो. रिफ्रेश टोकन फिरवायचं, म्हणजे दर वेळी जुनं बाद आणि नवीन द्यायचं, आणि जुनं कोणी परत वापरलं तर चोरी झाली समजून सगळं लॉगआउट करायचं, हे पुस्तकात छान वाटतं. आमच्याकडे काय होतं, फोन रिक्वेस्ट पाठवतो, सर्व्हरला पोचते, सर्व्हर नवीन टोकन देतो, आणि उत्तर येता येता रेंज जाते. फोनकडे अजून जुनंच. माणूस टेकडी उतरून खाली आला, रेंज आली, ॲपनं जुनं टोकन पाठवलं, सर्व्हर म्हणतो चोर! पुन्हा ओटीपी, आणि तो येतो वर गेल्यावर, म्हणजे येतच नाही. अशा एका ॲपनं आमच्या भागातल्या लोकांना इतकं पिडलं की आता ते कागदावरच खूश आहेत.

जंक्शनवाला
हा मुद्दा भारी. बरेच जण तीस-साठ सेकंदांची सूट देतात, तेवढ्यात जुनं परत आलं तर चालतं म्हणून. पण तुमच्या टेकडीला साठ सेकंद पुरणार नाहीत, तास लागेल. मग घड्याळावर न जाता वापरावर जायचं. नियम असा: नवीन टोकन फोननं एकदा तरी वापरून दाखवेपर्यंत जुनं जिवंत ठेवा. जुनं परत आलं आणि नवीन अजून कोरंच आहे, तर समजा उत्तर रस्त्यात हरवलं, ते कोरं बाद करा आणि दुसरं नवीन द्या. नवीन वापरलं गेलंय आणि तरीही जुनं आलं, तर मात्र दोन ठिकाणी कॉपी आहे, त्या फोनचं सगळं बंद. चोरी पकडायची ताकद तशीच राहते, टेकडीवाला सुटतो. वापरलं म्हणजे रिफ्रेशच पाहिजे असं नाही, त्याच्यासोबत दिलेलं ॲक्सेस टोकन (रोजच्या रिक्वेस्टचं) आलं तरी पोचल्याची पावती समजा.

ॲपमध्ये एक पथ्य पाळा, एका वेळी एकच रिफ्रेश. स्क्रीन उघडली, चार रिक्वेस्ट एकदम गेल्या, चारींना ४०१ (टोकन चालत नाही) आलं आणि चौघांनी वेगवेगळं रिफ्रेश केलं तर वरचा नियम गोंधळतो. पहिल्यानं करावं, बाकीच्यांनी थांबावं. आणि ४०१ आलं तरच रिफ्रेश, ४०३ ला नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही, तिथं कितीदा टोकन बदललं तरी तेच उत्तर येणार. टोकन फोनमध्ये ठेवताना ॲन्ड्रॉइड कीस्टोअरच्या (फोनमधल्या किल्ल्यांच्या तिजोरीच्या) किल्लीनं एन्क्रिप्ट करून ठेवा. ऑफिसच्या वेबला मात्र ब्राउझरचं लोकल स्टोरेज नको, एचटीटीपी-ओन्ली, सिक्युअर, सेम-साइट कुकी आणि साधं सेशन. लाराव्हेलमध्ये तेवढं तयारच मिळतं.

अमळनेरना_भाऊ
भो, हाई बठ्ठं वाचीसन डोकं गरगरी गयं. केळीना भाव पाहाले बी टोकन लागस का?

तापीकाठ
नाही हो भाऊ 😄 बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा भाव उघडाच ठेवणार, तो गावभर सगळ्यांना माहीतच असतो. फक्त कोणी सेकंदाला शंभरदा मागितला तर अडवायचं.

काटा_ऑपरेटर
आमचा विषय राहूनच गेला. काट्यावरच्या कॉम्प्युटरला ओटीपी कोण देणार? आणि एक वास्तव सांगतो, त्याचा बॅटरी सेल गेलेला असतो, लाइट जाऊन आली की तारीख काहीतरी जुनी दाखवतो.

जंक्शनवाला
काट्याला माणसाचं लॉगिन देऊच नका. प्रत्येक काट्याला वेगळी एपीआय की, तिला एकच काम: स्वतःच्या काट्याचं वजन लिहिणं. वाचायची परवानगी नाही, पट्टी नाही, शेतकऱ्याची यादीसुद्धा नाही, फक्त गाडी नंबर आणि वजन. कॉम्प्युटर भंगारात गेला तरी त्या कीनं कोणाला काही दिसणार नाही, फार तर खोटं वजन टाकेल, आणि ते कुठल्या काट्यावरून आलं ते लगेच कळेल. सगळ्या काट्यांना एकच की दिली तर एकीसाठी सगळे बंद करावे लागतात. की बदलायच्या वेळी जुनी आणि नवी दोन्ही काही दिवस चालू ठेवा, ऐन हंगामात गाड्यांची रांग असताना की बदलली तर लोक तुमच्या घरी येतील. आयपी बांधून ठेवायच्या फंदात पडू नका, डोंगलचा आयपी रोज वेगळा.

तारखेचं म्हणाल तर जुन्या तारखेच्या कॉम्प्युटरला सर्व्हरचं एचटीटीपीएस सर्टिफिकेटच खोटं वाटतं, तिथंच गाडी अडते. आणि अडलं की कोणीतरी हुशार सर्टिफिकेट तपासणी बंद करून टाकतो. ते करू नका, सेल बदला आणि घड्याळ नेटवरून लावायचं सेटिंग करा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशात सर्व्हरची घड्याळं जुळवण्याचं आहेच, शिवाय लॉग १८० दिवस ठेवायचे आणि काही घडलं तर कळल्यापासून ६ तासांत कळवायचं. लॉगमध्ये टोकन मात्र लिहू नका, त्याचा आयडी लिहा.

पुण्यात_पडलेला_खान्देशी
व्यापाऱ्यांच्या सॉफ्टवेअरसाठी तरी ओऑथ (पासवर्ड न देता दुसऱ्या सॉफ्टवेअरला परवानगी द्यायची पद्धत) लागेलच. त्यातला ऑथरायझेशन कोड आणि पीकेसीई हा प्रकार. त्यांनी यूजरचा पासवर्ड किंवा ओटीपी आपल्या स्क्रीनवर मागायची पद्धत जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० नं सरळ बंद सांगितलीय. आणि तुमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे तर रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कुठली ओळ दिसावी हे डेटाबेसनंच ठरवायचं) का नाही वापरत? ९.५ पासून आहे. कोडमध्ये विसरलं तरी डेटाबेस अडवतो.

कळण्याची_भाकर
चांगली सूचना, दुसरं कुंपण म्हणून जरूर. दोन ठिकाणी लोक फसतात. टेबलाचा मालक असलेला यूजर ते नियम ओलांडून जातो, आणि बहुतेकांचं ॲप त्याच यूजरनं जोडलेलं असतं, म्हणजे नियम लिहिलेत पण लागू कोणालाच नाहीत. एकतर ॲपला वेगळा यूजर द्या नाहीतर फोर्स (मालकालाही नियम लावायचं सेटिंग) चालू करा. दुसरं, आत्ता कोण आहे हे तुम्ही कनेक्शनवर सेट करता आणि पूलमध्ये (कनेक्शनच्या सामाईक साठ्यात) तेच कनेक्शन पुढच्या माणसाला मिळतं. ट्रॅन्झॅक्शनपुरतंच सेट करा, सेट लोकल वापरून, नाहीतर एकाच्या नावावर दुसरा बघेल.

आणि टेस्ट लिहा. दोन शेतकरी, दोन गट, एक व्यापारी बनवा, प्रत्येक एंडपॉइंटवर एकाचं टोकन घेऊन दुसऱ्याचा आयडी मागा आणि ४०४ आलंच पाहिजे. रूटची (सगळ्या पत्त्यांची) यादी फ्रेमवर्ककडून घ्या, हातानं लिहू नका, म्हणजे नवा एंडपॉइंट आपोआप टेस्टमध्ये येतो.

तापीकाठ
हे उद्याच सुरू करतो. पीडीएफचं विचारायचं होतं, शेतकऱ्याला पट्टी पोराला व्हॉट्सॲप करायची असते, पोरगा पुण्यात, त्याच्याकडे ॲप नाही.

जंक्शनवाला
फाइलच शेअर करू द्या ॲपमधून. लिंकच पाहिजे असेल तर त्या एका पीडीएफपुरती सही केलेली लिंक, काही तासांची मुदत, त्यात लॉगिनचं टोकन अजिबात नाही.

सावदेकर_आशा
मी गटाच्या ऑफिसात असते, कोडचं मला कळत नाही, पण रोजचा त्रास विचारते. लोक मोबाईल नंबर बदलतात. जुना नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. त्याला ओटीपी गेला तर तो आमच्या सभासदाच्या पट्ट्या बघणार ना? आणि दुसरं, सभासद वारले तर? दोन भाऊ, दोघं म्हणतात बाबांचं खातं मला दाखवा, आणि आपसात बोलत नाहीत.

कळण्याची_भाकर
आशाताई, तुम्ही आधी का नाही आलात या धाग्यात!

नंबरचं: बंद झालेला नंबर ९० दिवसांच्या आत दुसऱ्याला देता येत नाही, पण नंतर देतात. म्हणून नंबर ही ओळख धरायची नाही, सभासद क्रमांक ही ओळख, नंबर नुसता निरोप पोचवायचा पत्ता. बरेच दिवस न वापरलेल्या खात्यावर नवीन फोनवरून कोणी लॉगिन केलं तर नुसत्या ओटीपीवर पट्ट्या उघडू नका. ऑफिसला कळू द्या, तुम्ही माणूस ओळखलात की मग चालू. नंबर बदलायचा अर्ज आला की जुन्या फोनवरची सगळी टोकनं त्याच क्षणी बंद.

जंक्शनवाला
वारलेल्या सभासदाचं, पट्ट्या माणसाच्या लॉगिनला बांधल्या असतील तर अडचण होते, खात्याला बांधल्या असतील तर नाही. बाबांचं लॉगिन बंद करा, खातं तसंच राहतं. वारस नोंदीची कागदं आल्यावर ऑफिसनं दोन्ही भावांना त्या खात्यावर फक्त बघायचं नातं द्यायचं, प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या फोनवर. बँक खातं बदलायची परवानगी कोणालाच नाही, ती मंडळाच्या ठरावानंतर आणि ऑफिसातल्या दोन माणसांच्या मंजुरीनंच. ज्यानं बदल टाकला त्यालाच मंजूर करता येऊ नये.

सावदेकर_आशा
आणि मोठ्या भावानं बघितलं की नाही हे धाकट्याला दिसेल का? तो विचारणारच आहे.

जंक्शनवाला
नाही ताई. ते फक्त ऑफिसच्या लॉगमध्ये.